एक सौदा, अनेक देशांचे स्पर्धा नियामक: परवानग्यांचं काम कुठल्या क्रमाने करावं

परदेशातली कंपनी विकत घ्यायची, तर भारतीय स्पर्धा आयोगाबरोबर (म्हणजे सीसीआयबरोबर) आणखी तीन-चार देशांच्या नियामकांकडे जावं लागतं, एवढं आता बहुतेक कंपनी सेक्रेटरींना ठाऊक असतं. घोळ होतो तो पुढे. प्रत्येक देशात वेगळा वकील नेमला जातो, प्रत्येक वकील आपापला अर्ज आपापल्या पद्धतीने लिहितो, आणि हे सगळे नियामक एकमेकांशी बोलतात हे कुणाच्या लक्षात राहत नाही. मग ब्रुसेल्सहून (युरोपीय कमिशनकडून) प्रश्न येतो, की दिल्लीत तुम्ही वेगळंच का लिहिलंय?

हा लेख अशा सौद्यांची कागदपत्रं सांभाळणाऱ्यांसाठी आहे: कंपनी सेक्रेटरी, लीगल विभाग, सीए. आपण एक काल्पनिक उदाहरण धरून चालू. चाकणची एक फोर्जिंग कंपनी जर्मनीतली सुटे भाग बनवणारी कंपनी घेते आहे. दोघींचे ग्राहक युरोपात, अमेरिकेत आणि भारतात आहेत.

## १. वकील नेमण्याआधी देशांचा तक्ता

पहिलं काम अकाउंट्स विभागाचं. खरेदीदाराचा संपूर्ण समूह आणि जिला विकत घेतलं जातंय ती कंपनी, या दोघांची प्रत्येक देशातली विक्री आणि मालमत्ता एका तक्त्यात मांडा. विक्री मोजायची ती ग्राहक कुठे आहे त्यावरून. कारखाना किंवा ऑफिस कुठे आहे यावरून नाही. 'आमचं तिथे ऑफिसच नाही' म्हणून देश यादीतून गाळला जातो, ही इथली सर्वांत नेहमीची चूक.

मग उंबरठे तपासा, म्हणजे ज्या आकड्यांपलीकडे अर्ज करावाच लागतो ते आकडे. युरोपीय संघाचा मुख्य उंबरठा असा आहे: सर्व पक्षांची मिळून जागतिक उलाढाल ५०० कोटी युरोपेक्षा जास्त, आणि किमान दोन पक्षांची संघातली उलाढाल प्रत्येकी २५ कोटी युरोपेक्षा जास्त. (याशिवाय एक पर्यायी कसोटी आहे आणि दोन-तृतीयांशाचा अपवादही आहे, ते वकिलाकडून पाहून घ्या.) हा उंबरठा ओलांडला की एकच अर्ज युरोपीय कमिशनकडे जातो, सदस्य देशांकडे वेगळे अर्ज लागत नाहीत. तो ओलांडला नाही, तर प्रत्येक देशाचा स्वतंत्र हिशोब. जर्मनीत एकत्रित जागतिक उलाढाल ५० कोटी युरोपेक्षा जास्त, एका पक्षाची जर्मनीतली ५ कोटींवर आणि दुसऱ्याची १.७५ कोटींवर असली, की बॉनच्या बुंडेसकार्टेलआम्टकडे (जर्मनीच्या स्पर्धा नियामकाकडे) जावं लागतं. तीन किंवा जास्त सदस्य देशांत अर्ज लागणार असतील, तर सगळं प्रकरण कमिशनकडे पाठवण्याची विनंती करता येते. ही सोय आपल्याकडच्या कंपन्या विसरतात आणि चार भाषांत चार अर्ज करत बसतात.

भारतात १० सप्टेंबर २०२४ पासून मालमत्ता आणि उलाढालीच्या जोडीला सौद्याच्या किमतीचा उंबरठाही आला: २,००० कोटी रुपयांपेक्षा जास्त, आणि घेतल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात भरीव व्यवसाय. उलाढालीच्या अंगाने भरीव म्हणजे तिच्या जागतिक उलाढालीच्या १० टक्के किंवा जास्त वाटा भारतातून, आणि ती रक्कम ५०० कोटींच्या वर. डिजिटल सेवांना ही ५०० कोटींची अट लागू नाही.

सावधान: घेतल्या जाणाऱ्या कंपनीची भारतातली मालमत्ता ४५० कोटींपर्यंत किंवा उलाढाल १,२५० कोटींपर्यंत असेल तर अर्जातून मिळणारी सूट किमतीच्या उंबरठ्याला लागू होत नाही. 'टार्गेट लहान आहे' एवढ्यावर फाइल बंद करू नका.

अमेरिकेतला आकडा दरवर्षी बदलतो. मागच्या सौद्याची एक्सेल शीट उघडून त्यावरून ठरवू नका. ब्रिटनमध्ये अर्ज ऐच्छिक आहे, पण तिथला स्पर्धा नियामक सीएमए स्वतःहून सौदा तपासायला घेऊ शकते, त्यामुळे ब्रिटनचा रकाना रिकामा ठेवायचा नाही.

## २. कॅलेंडर शेवटाकडून मांडा

क्लोजिंगची, म्हणजे सौदा प्रत्यक्ष पुरा होण्याची, तारीख धरा आणि मागे या. मुदती ढोबळमानाने अशा:

- भारत: प्रथमदर्शनी मत ३० कॅलेंडर दिवसांत, एकूण कमाल १५० दिवस.
- युरोपीय कमिशन: पहिला टप्पा २५ कामाचे दिवस, सखोल चौकशी झाल्यास आणखी ९०, आणि त्यातही वाढ होऊ शकते.
- जर्मनी: पहिला टप्पा एक महिना, सखोल चौकशी झाल्यास अर्जापासून एकूण पाच महिने.
- अमेरिका: साधारण ३० दिवस, पण दुसऱ्यांदा माहिती मागितली की हिशोब बदलतो.
- ब्रिटन: पहिला टप्पा ४० कामाचे दिवस.
- चीन: ३०, मग ९०, मग ६० दिवस, आणि घड्याळ थांबवण्याची मुभा.

या यादीत कॅलेंडर दिवस आणि कामाचे दिवस मिसळलेले आहेत. वेळापत्रक बनवणारा नेमका इथे चुकतो. कमिशनचे २५ दिवस म्हणजे पाच आठवडे, आणि मध्ये नाताळ किंवा ईस्टर आला तर त्याहून जास्त. शिवाय हे घड्याळ अर्ज 'पूर्ण' मानला गेल्यावरच सुरू होतं. त्याआधी मसुद्यावर चालणारी पूर्वचर्चा गुंतागुंतीच्या प्रकरणात महिनोन्‌महिने चालते. सीसीआयकडेही अर्जापूर्वी सल्लामसलत करता येते. ती ऐच्छिक आहे आणि तिथलं मत आयोगावर बंधनकारक नसतं, पण फॉर्म एक (छोटा) की फॉर्म दोन (सविस्तर) हा प्रश्न तिथेच सुटला तर फार बरं. फॉर्म एकचं शुल्क ३० लाख आणि फॉर्म दोनचं ९० लाख आहे, तेव्हा चुकीचा फॉर्म भरणं परवडणारं नाही.

क्रम कसा ठरवायचा? सोपा देश आधी उरकून टाकायचा, असा आपला स्वभाव असतो. इथे तो आवरावा लागतो. जिथे चौकशी सर्वांत खोल जाणार, तिथली पूर्वचर्चा सर्वांत आधी सुरू करा, आणि बाकीचे अर्ज असे सोडा की सगळे नियामक साधारण एकाच सुमाराला एकाच टप्प्यावर असतील. दिल्लीचं मत तयार आहे आणि बॉनने अजून फाइल उघडलेली नाही, अशा स्थितीत दोघांना एकमेकांशी बोलून उपयोग नाही. मग एकाने ठरवलेला उपाय दुसऱ्याला पसंत पडत नाही आणि भुर्दंड तुम्हाला बसतो. भारतात करारानंतर ३० दिवसांत अर्ज करण्याची जुनी सक्ती आता नाही, त्यामुळे दिल्लीचा अर्ज थोडा पुढेमागे करता येतो. या मोकळीकीचा उपयोग करा. मंजुरीआधी क्लोजिंग मात्र नाही.

तपासा: शेअर खरेदी करारातली अंतिम मुदत सर्वांत लांब चौकशीला पुरते का? आणि परवानग्यांसाठी विक्रेत्याने माहिती वेळेत देण्याचं कलम त्यात आहे का? हे कलम नसेल तर पुढचे टप्पे विक्रेत्याच्या मर्जीवर चालतात.

## ३. सगळ्या अर्जांमागे एकच तथ्यसंच

अर्ज लिहायला घेण्याआधी एक मूळ दस्तऐवज बनवा. त्यात उत्पादनांची यादी, प्रत्येक उत्पादनाचे प्रतिस्पर्धी, ग्राहक, बाजारहिस्सा, आकड्यांचा स्रोत आणि सौद्यामागचं व्यावसायिक कारण असू द्या. सर्व देशांतल्या वकिलांनी आकडे यातूनच उचलायचे.

नसेल तर काय होतं ते आपल्या उदाहरणातच बघा. बॉनच्या अर्जात वकील लिहितो: 'भारत आणि चीनमधून फोर्जिंगची आयात भरपूर होते, त्यामुळे युरोपातल्या ग्राहकाकडे पर्याय आहेत.' दिल्लीच्या अर्जात दुसरा वकील लिहितो: 'दोन्ही कंपन्यांचे ग्राहक वेगवेगळ्या खंडांत आहेत, भारतातला माल युरोपात जात नाही, सबब त्या परस्परांच्या प्रतिस्पर्धी नाहीत.' आपापल्या जागी दोन्ही वाक्यं सोयीची आहेत. एकत्र वाचली की एक खोटं ठरतं. दोन केस ऑफिसर पंधरा मिनिटं फोनवर बोलले की हे उघडं पडतं, आणि मग फोर्जिंगचा प्रश्न बाजूला राहून चर्चा तुमच्या विश्वासार्हतेवर येते.

सगळीकडे भूमिका सारखीच हवी असं नाही. बाजारपेठ खरोखरच देशागणिक वेगळी असू शकते. मालवाहू वाहनांचे जड भाग दूरवर पाठवणं परवडत नसेल, पण मोटारींचे हलके भाग परवडत असतील, तर तसं स्पष्ट लिहा आणि फरकाचं कारण दोन्ही अर्जांत एकाच शब्दांत द्या. कारण दिलेला फरक नियामकाला खटकत नाही. फॉर्ममध्ये बहुतेक ठिकाणी 'आणखी कुठल्या देशांत अर्ज केला आहे' हे विचारलेलंच असतं. म्हणजे कुणाला फोन करायचा हे तुम्हीच त्यांना सांगितलेलं असतं.

आकड्यांबाबत दोन किरकोळ दिसणाऱ्या गोष्टी. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, जर्मन कंपनीचं बहुधा जानेवारी ते डिसेंबर. कुठला आकडा कुठल्या वर्षाचा ते प्रत्येक ओळीत लिहा. आणि चलन बदलण्याची पद्धत प्रत्येक नियामकाची वेगळी असते, तेव्हा मूळ तक्ता मूळ चलनातच ठेवा.

सावधान: चुकीच्या माहितीबद्दलचा दंड सौद्याच्या मंजुरीनंतरही होतो. व्हॉट्सॲपच्या खरेदीवेळी दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल कमिशनने २०१७ साली फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड केला, सौदा २०१४ सालीच मंजूर झालेला असताना. भारतात सीसीआयने डिसेंबर २०२१ मध्ये अॅमेझॉन–फ्यूचर कूपन्स सौद्याची आधी दिलेली मंजुरी स्थगित ठेवून २०२ कोटींचा दंड लावला.

संचालक मंडळाची सादरीकरणं आणि ईमेल या टप्प्यावरच वाचून घ्या. 'या सौद्यानंतर किमती आपल्या हातात' असं एखाद्या उत्साही व्हाइस प्रेसिडेंटने स्लाइडवर लिहिलेलं असतंच. ते पुसायचं नाही, कारण पुसणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे. ते आहे हे वकिलाला आधी कळलं पाहिजे, एवढंच.

## ४. वेव्हर: काय द्यायचं, कुणी, कधी

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा थांबू.

गोपनीयतेचा वेव्हर म्हणजे तुम्ही नियामकाला दिलेली लेखी परवानगी, की माझी गोपनीय माहिती अमुक देशाच्या नियामकाशी बोलताना वापरली तरी चालेल. 'सीसीआयचा अमेरिकेशी करार आहे, म्हणजे सगळी माहिती जातेच' ही एक चूक. 'वेव्हर दिला नाही, म्हणजे ते बोलणारच नाहीत' ही दुसरी.

स्पर्धा कायद्याच्या कलम १८ खाली सीसीआयने परदेशी नियामकांशी सामंजस्य करार केलेले आहेत: अमेरिकेच्या दोन्ही नियामकांशी (फेडरल ट्रेड कमिशन आणि न्याय विभाग) २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलिया आणि युरोपीय कमिशनशी २०१३ मध्ये, जपानशी २०२१ मध्ये. हे करार सहकार्याची चौकट देतात, पण कंपनीची गोपनीय माहिती देण्याचा मोकळा परवाना देत नाहीत. भारतात कलम ५७ आणि अमेरिकेत विलीनीकरण पूर्वसूचनेच्या कायद्यातली गोपनीयता आड येते. युरोपीय संघ आणि स्वित्झर्लंड यांच्यातल्या करारासारखे, ठरावीक अटींवर गोपनीय माहिती देऊ देणारे करार मोजकेच आहेत.

दुसऱ्या बाजूने, वेव्हर नसतानाही नियामक एकमेकांशी वेळापत्रकावर, सार्वजनिक माहितीवर आणि बाजारपेठेकडे ढोबळमानाने कसं बघावं यावर बोलू शकतात. अमेरिकेत मात्र अर्ज झाल्याची गोष्टही नियामकाला गुप्त ठेवावी लागते.

वेव्हरचा मसुदा स्वतः रचत बसू नका. आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाळ्याचा (आयसीएनचा) नमुना आहे, अमेरिका आणि युरोपीय कमिशनचे आपापले नमुने आहेत. त्यात हे मुद्दे आहेत की नाहीत ते पाहा:

१. कोणता नियामक कोणत्या नियामकाशी बोलणार, नावानिशी. 'इतर संबंधित नियामक' असं मोघम लिहायचं नाही.
२. फक्त याच सौद्यापुरता. माहिती कार्टेलच्या (स्पर्धकांच्या संगनमताच्या) किंवा दुसऱ्या चौकशीसाठी वापरता येणार नाही.
३. माहिती घेणारा नियामक ती आपल्या कायद्याप्रमाणे गोपनीय ठेवील, आणि कुणी मागितली तर तुम्हाला कळवील.
४. वकील–अशील गोपनीयतेतली कागदपत्रं वगळलेली.

चौथ्या मुद्द्यात एक खाच आहे. कंपनीच्या पगारी वकिलाने दिलेल्या सल्ल्याला अमेरिकेत संरक्षण मिळतं, युरोपीय कमिशनच्या चौकशीत मिळत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये अक्झो नोबेल खटल्यात ते पुन्हा स्पष्ट केलं. त्यामुळे 'संरक्षित कागद वगळून' एवढं लिहून भागत नाही. कुठल्या देशाच्या कायद्याने संरक्षित, ते लिहा.

आशय काहीसा असा असतो: 'या सौद्याच्या तपासणीपुरती, आमच्याकडून मिळालेली गोपनीय माहिती भारतीय स्पर्धा आयोगाने युरोपीय कमिशनला दाखवण्यास व तिच्याशी चर्चा करण्यास आमची हरकत नाही. ही संमती परतीची तितकीच माहिती आयोगाने स्वीकारण्यासही लागू राहील.' दुसरं वाक्य गाळलं तर माहिती एका दिशेनेच वाहते. शिवाय कमिशनकडे दिलेल्या माहितीसाठी कमिशनला वेगळा वेव्हर द्यावाच लागतो. सीसीआयला दिलेला कागद तिथे चालत नाही.

तपासा: खरेदीदाराने आपला वेव्हर द्यायचा, विकत घेतल्या जाणाऱ्या कंपनीने आपला. खरेदीदाराच्या सहीने तिची माहिती खुली होत नाही. आणि ग्राहकांनी किंवा स्पर्धकांनी नियामकाला दिलेली माहिती तुमच्या वेव्हरमध्ये येत नाही.

वेव्हर कधी द्यायचा? पूर्वचर्चेबरोबर किंवा अर्जाबरोबर. अडचण निघाल्यावर दिला की नियामकाला वाटतं, आतापर्यंत काय लपवत होतात? पण जिथे दोन्ही कंपन्यांचा माल एकमेकांना छेदत नाही, तिथे उगाच वेव्हर वाटण्यात अर्थ नाही. माझं मत विचाराल तर दोन किंवा तीन महत्त्वाचे नियामक निवडा आणि तेवढेच जोडा.

कार्टेलमधल्या माफीचं (स्वतःहून कबुली देऊन दंडात सूट मागण्याचं) प्रकरण असेल तर हा टप्पा तसाच्या तसा वापरू नका. कलम ४६ खाली दिल्लीत मिळवलेला पहिला क्रमांक ब्रुसेल्समध्ये उपयोगी पडत नाही. प्रत्येक ठिकाणी रांगेत वेगळं उभं राहावं लागतं, शक्यतो एकाच दिवशी. तिथे वेव्हरचं गणितही पूर्ण वेगळं असतं.

## ५. चौकशी सुरू असताना: एक नोंदवही

प्रश्न यायला लागले की शिस्त पहिल्यांदा इथे मोडते. एक शीट ठेवा: प्रश्नाची तारीख, देश, प्रश्न जसाच्या तसा, उत्तर, उत्तरातला आकडा मूळ तक्त्याच्या कुठल्या ओळीतून घेतला, आणि कोणाकोणाला प्रत पाठवली. बॉनहून आलेल्या प्रश्नाचं उत्तर जाण्याआधी दिल्लीच्या वकिलाने ते वाचलेलं असावं. उत्तर गेल्यावर नाही. वेळ कमी असतो हे मान्य, पण नंतरच्या दुरुस्तीपत्राला याहून जास्त वेळ जातो.

दोन्ही कंपन्या अजून स्पर्धक आहेत हे याच काळात विसरलं जातं. ग्राहकनिहाय किमती, चालू निविदा, उत्पादन योजना समोरच्याच्या विक्री विभागाकडे जाता कामा नयेत. लागणारच असतील तर क्लीन टीमकडून: बाहेरचे वकील, अर्थतज्ज्ञ, किंवा विक्रीशी संबंध नसलेले मोजके लोक, नावांच्या यादीसह.

## ६. अटी आल्या तर

एखाद्या देशाने विक्रीची अट घातली, की तिथे ताबडतोब मान डोलवून टाकण्याचा मोह होतो. थांबा. तीच मालमत्ता दुसऱ्या देशातल्या अटीतही येऊ शकते.

बायर–मोन्सँटो (२०१८) हे बघण्याजोगं उदाहरण आहे. बियाणं आणि तणनाशकांचे बरेच व्यवसाय बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीला विकण्यावर युरोप आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणच्या अटींचा भार होता. भारतात मात्र त्याशिवाय वेगळा मुद्दा निघाला: जालन्याच्या महिको या बियाणं कंपनीतला मोन्सँटोचा २६ टक्के हिस्सा. तो विकण्याची अट सीसीआयने घातली. युरोपातला उपाय भारताला पुरेल असं गृहीत धरलं असतं, तर हा हिस्सा यादीत आलाच नसता.

अट मान्य करण्याआधी स्थानिक कायद्याने ती पाळता येते का, हेही पाहा. होल्सिम–लाफार्ज सौद्यात सीसीआयने २०१५ मध्ये जोजोबेरा आणि सोनाडीह हे सिमेंट कारखाने विकायला सांगितले होते. पण खाणकाम कायद्यातल्या बदलामुळे लिलावाशिवाय मिळालेले खाणपट्टे असे सुटे हस्तांतरित करणं अडलं. शेवटी २०१६ मध्ये लाफार्ज इंडिया ही कंपनीच विकावी लागली.

आणि सगळे नियामक एकाच निष्कर्षाला येतील ही खात्री कधीच नसते. मायक्रोसॉफ्ट–अॅक्टिव्हिजन सौदा एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटनने अडवला आणि मे महिन्यात कमिशनने अटींवर मंजूर केला. क्लाउड गेमिंगचे हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीकडे देऊन सौदा नव्याने मांडल्यावर ऑक्टोबरमध्ये ब्रिटनचा मार्ग मोकळा झाला.

तपासा: विकायच्या व्यवसायाचा खरेदीदार, देखरेख करणारा विश्वस्त आणि विक्रीची मुदत: या तिन्ही गोष्टी अट घालणाऱ्या प्रत्येक नियामकाला एकाच वेळी चालतात का?

## ७. क्लोजिंगच्या आदल्या दिवशी

भारताची मंजुरी बाकी असेल तर 'भारताचा भाग बाजूला ठेवून जगभर क्लोजिंग करू' अशी सूचना परदेशी बाजूकडून येतेच. सीसीआयने ही पळवाट मान्य केलेली नाही. मंजुरीआधी सौदा पुरा केला तर कलम ४३अ खाली दंड एकूण उलाढाल, मालमत्ता किंवा सौद्याची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्या एक टक्क्यापर्यंत जाऊ शकतो.

क्लोजिंगच्या मेमोत प्रत्येक देशासमोर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: आदेशाची तारीख, त्यात क्लोजिंगआधी पुऱ्या करायच्या अटी आहेत का, आणि आदेशाची प्रत कोणाकडे आहे. तोंडी 'मिळालंय' किंवा वकिलाचा व्हॉट्सॲप मेसेज चालणार नाही, आदेशाची पीडीएफ फाइलमध्ये हवी. अर्ज केल्यानंतर सौद्याच्या रचनेत काही बदललं असेल, नवी उपकंपनी घुसली असेल किंवा हिस्सा वाढला असेल, तर ते प्रत्येक नियामकाला कळवलंय का हेही त्याच पानावर तपासा. आणि क्लोजिंग झाल्यावर अटींच्या पूर्ततेचे अहवाल कुणी, कुठल्या तारखांना, कुठल्या देशात भरायचे, त्या माणसाचं नाव मेमोच्या शेवटच्या ओळीत लिहा, कारण सौद्याची टीम दुसऱ्याच दिवशी पुढच्या कामाला लागलेली असते.